कांद्याच्या चकत्यांचं वाळणं सूत्रात कसं बसवायचं
जाळीच्या ट्रेवर ४ मिमी जाडीच्या चकत्या एका थरात पसरा, हवा ६० अंश सेल्सिअसला स्थिर ठेवा, दर १५ मिनिटांनी वजन घ्या. ओलावा कोरड्या वजनावरच काढा: १०० ग्रॅम कांद्यात ८६ ग्रॅम पाणी असेल, तर ८६ ÷ १४ = ६.१४. ओल्या वजनावर काढलात तर भाजकच दर वेळी बदलतो आणि वक्र बिघडतो.

प्रत्येक ओलाव्यातून समतोल ओलावा (वजन घटायचं थांबल्यावर उरतो तो) वजा करा, सुरुवातीच्या अशाच फरकाने भागा. या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडा. शेवटच्या सरळ भागाचा उतार (ऋण चिन्ह सोडून) × ४ × निम्म्या जाडीचा वर्ग ÷ π (पाय) चा वर्ग, हा विसरण गुणांक, म्हणजे चकतीतून पाणी किती वेगाने सरकतं त्याचं माप. निम्मी जाडी अशासाठी की जाळीवर पाणी दोन्ही बाजूंनी जातं. बंद तळाच्या ट्रेत पाणी वरूनच जातं, तिथे पूर्ण जाडी घ्या. यात गफलत झाली की उत्तर चौपट चुकतं.

चकतीचं तापमान सुरुवातीपासून ६० धरू नका. बाष्पीभवन उष्णता खातं, त्यामुळे ती बराच वेळ हवेपेक्षा थंड राहते. बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) खुपसून मोजा.