‘अक्रॉस’ कुठे, ‘थ्रू’ कुठे?
रस्ता, नदी, मैदान या कडेपासून त्या कडेपर्यंत ओलांडायचं असेल तर ‘अक्रॉस’. जंगल, बोगदा, गर्दी यांच्यात शिरून बाहेर पडायचं तर ‘थ्रू’. ‘क्रॉस’ क्रियापद वापरलंत की पुढे ‘अक्रॉस’ जोडू नका: ‘आय क्रॉस्ड द रोड’ म्हणा, नाहीतर ‘आय वॉक्ड अक्रॉस द रोड’. हालचाल नसतानाही हा शब्द चालतो. ‘द बँक इज अक्रॉस द रोड’ म्हणजे बँक रस्त्यापलीकडे आहे. बँकेच्या समोर सांगायचं तर ‘अक्रॉस फ्रॉम द बँक’. इथला ‘फ्रॉम’ हमखास गळतो आणि वाक्य बिघडतं. ‘आय केम अक्रॉस अ‍ॅन ओल्ड फोटो’मध्ये ओलांडणं नाहीच, जुना फोटो अवचित हाती लागला एवढंच. आणि हो, स्पेलिंगमध्ये ‘सी’ एकच, ‘एस’ दोन.