एका गुंठ्यात फळवन: आधी पाणी ओळखा, मग झाड लावा

वनबाग, म्हणजे जंगलासारखी थराथरांत लावलेली फळबाग, शिकायला एकरभर रान नको, एक गुंठा पुरे. माण, आटपाडी, जत भागात पाऊस जेमतेम ५०० मिमीच्या आसपास. तरी ३३ बाय ३३ फुटांवर एवढा पाऊस म्हणजे सुमारे ५० हजार लिटर पाणी! त्यातलं बरंचसं वाहून जातं. म्हणून रोपवाटिकेत जायच्या आधी, मे महिन्यात ए-फ्रेम (उतारावर समपातळी रेघ शोधायचं साधन) बांधा.

सात फुटी दोन बांबूंची टोकं बांधा, मध्ये आडवा दांडा बसवा, वरून सुतळीला दगड सोडा. पाय टेकतील तिथे दोन खुंट्या ठोका आणि सुतळी दांड्याला शिवते तिथे खूण करा. आता पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर दुसरी खूण घ्या. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध सुतळी आली की पाय एका पातळीत. ही मधली खूण वारा पडल्यावर, सावकाश करा. इथली बोटभर चूक पुढे प्रत्येक पावलाला वाढत जाते.

ए-फ्रेमचे पाय टेकवत, सुतळी मधल्या खुणेवर ठेवत उताराला आडवं चाला आणि फक्कीने रेघ मारा. रेघेवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर काढा, माती खालच्या अंगाला टाकून बांध घाला. एका टोकाला दगड लावून सांडवा ठेवा, नाहीतर मोठ्या पावसात बांध फुटणारच. हे मुरमाड माळासाठी. पलूस-वाळव्याच्या काळ्या रानात चरात पाणी साचून मुळं कुजतात. तिथे उंच वरंबे करून त्यावरच लागवड करा.

पहिला जोराचा पाऊस आला की घरात बसू नका, चरापाशी उभे राहा. पाणी जिथे आधी तुंबतं, तिथला बांध उंच करा. हा धडा दुसऱ्या कशातून मिळत नाही.

पहिल्या वर्षी फळझाड नको. बांधावर तूर, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) अंगठ्याएवढ्या जाड काड्या, पश्चिमेला शेवगा आणि हादगा लावा, म्हणजे दुपारचं ऊन अडतं. पुढच्या जूनमध्ये उत्तरेच्या कडेला एकच आंबा (हिवाळ्यात सावली बागेबाहेर पडते), दहा-दहा फुटांवर तीन सीताफळं, एक लिंबू. मध्ये कढीपत्ता, खाली मटकी किंवा हुलगा. रोपं लहान दिसतात म्हणून मोह होतो, पण दाटी केली की चौथ्या वर्षी फळ सोडून फांद्याच मोजाव्या लागतात.

गिरिपुष्प कमरेएवढं झालं की पावसाळ्यात गुडघ्याच्या उंचीवर छाटून पाला तिथेच पसरा. त्यावर उसाचं पाचट वीतभर. पाचट मातीत कालवू नका. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी हवी, विशेषतः लिंबाला, नाहीतर डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) धरतो.

उन्हाळ्यात पाणी तारखेवर देऊ नका. पाचट सारून चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा. सुटली तर रोपापासून फूटभर अंतरावर पुरलेलं भाजलेलं, पण झिलई नसलेलं मडकं भरा आणि तोंडावर झाकण ठेवा.