जुनं सहा सिलिंडरचं इंजिन रोजच्या वापरासाठी कसं बांधायचं

आधीच सांगतो, गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल तर मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), वाढीव कॉम्प्रेशन असले नाद करू नका. एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच गुळगुळीत चालतं, आणि ते नुसतं नीट मोजून, धुऊन परत जोडलं तरी खूप वर्षं काढतं. त्याची वाट लागते ती आपल्या घाईमुळे.

इंजिन चालू असेल तर उतरवायच्या आधी ते गरम करून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आकडे लिहून ठेवा. एखादं बरंच कमी दाखवत असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा, वाढलं तर रिंगा किंवा बोअर गेलेत, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

खोलताना मेन कॅप आणि रॉड कॅपवर (क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग धरणाऱ्या टोप्या) नंबर नसतील तर आधी पंच मारा मगच बोल्टला हात लावा. कॅप जागेवर बसवूनच बोअर केलेले असतात, एकाची दुसरीकडे चालत नाही, उलटीपण चालत नाही. पुशरॉड आणि टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारे तुकडे) पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने लावून ठेवा, कारण जुनाच कॅम वापरणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपापल्या लोबवरच (कॅमच्या उंचवट्यावरच) परत गेला पाहिजे. कॅम नवीन घेतला तर टॅपेटपण नवीनच.

आता साफसफाई, आणि इथेच लोक कंटाळतात. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) सगळे प्लग काढा, अगदी घट्ट बसलेला असला तरी गरम करून काढा, आणि लांब ब्रशने आरपार घासा. मी एकदा मागचा एक प्लग निघेना म्हणून तसाच सोडला होता, ब्लॉक धुतला, बाहेरून आरशासारखा, आणि थोडंच चालवल्यावर बेअरिंगवर बारीक ओरखडे, त्या प्लगमागे होनिंगचा (बोअर घासतानाचा) चुरा बसलेला होता. परत सगळं खोललं, दुसरं काय! पाण्याच्या बाजूचंही तसंच आहे, पंप पुढे असतो आणि इंजिन लांबलचक, त्यामुळे गंजाचा चिखल मागे सहाव्या सिलिंडरभोवती साचतो. कोर प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची झाकणं) काढून तारेने खरवडा, स्वच्छ पाणी येईपर्यंत.

मग मोजमाप. बोअर वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी आणि दोन्ही दिशांनी मोजा. पाच-सहा थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढे टेपर, म्हणजे वरच्या आणि खालच्या मापात फरक, असेल तर नुसत्या नवीन रिंगा टाकून भागवू नका, रिबोअर करा, आणि पिस्टन आधी हातात घेऊन मशीन शॉपला द्या, म्हणजे ते पिस्टन मोजून बोअर करतील. रिंगच्या दोन टोकांमधला गॅप साधारण बोअरच्या दर इंचाला 4 थाउ, म्हणजे साडेतीन इंच बोअरला 14 थाउ.

क्रँक लांब असतो म्हणून दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) डायल गेज लावा, वाकलाय का कळतं. शेव्हरोलेच्या 235 ला मेन बेअरिंग चारच, फोर्डच्या 300 ला सात, तेव्हा आपल्या इंजिनाचं मॅन्युअल हाताशी ठेवा. बेअरिंग आणि जर्नलमधला क्लिअरन्स प्लास्टिगेजने बघा: जर्नलवर मेणासारखी बारीक दोरी ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला कसायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, कॅप काढून चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी जुळवायची. जर्नलच्या दर इंचाला साधारण 1 थाउ धरा.

हेडमध्ये अनलेडेड पेट्रोलसाठी एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, व्हॉल्व्हचे गाइड बघा. हेड लांब आहे, बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. मॅनिफोल्ड घाईत कसला तर तडकतो, इनटेक-एक्झॉस्ट जोडणारे बोल्ट मॅनिफोल्ड हेडला धरणारे बोल्ट बसेपर्यंत ढिलेच ठेवा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, पुढचा बॅलन्सर. लांब क्रँकला पीळ बसतो, तो हा शोषतो, पण आतलं रबर म्हातारं झालं की बाहेरची रिंग सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूण खोटी पडते, मग माणूस कार्बोरेटरच्याच मागे लागतो. पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) काढून खूण तपासा.

स्टार्ट करण्याआधी, ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरून फिरत असेल तर ड्रिलने फिरवून वर रॉकरपर्यंत तेल पोचलेलं डोळ्यांनी बघा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बहुतेकांत 1-5-3-6-2-4 असते. सपाट टॅपेटचा नवीन कॅम असेल तर झिंकवालं तेल घाला, आणि इंजिन चालू झालं की लगेच 2000 आरपीएमवर न्या, वीसेक मिनिटं तसंच चालवा, आयडलवर सोडू नका, आरपीएम थोडं वरखाली करत राहा. मध्येच पाणी गळलं किंवा तेलाचा प्रेशर पडला तर बंद करा, नीट करा, मग उरलेली मिनिटं पूर्ण करा. त्यानंतर लगेच तेल बदला आणि फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा, थोडी राखाडी धूळ चालते, चमकणारे तुकडे दिसले तर ऑइल पॅन परत खाली.