कुत्र्याचा कान वारंवार दुखत असल्यास
कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरून मग आत वळते, त्यामुळे वरून पुसलेला कान आतून स्वच्छ असेलच असे नाही, आणि कापसाची काडी तर मळ आणखी आत ढकलते. तपासणीच्या आदल्या दिवशी कान धुऊ नये. स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच त्रास यीस्टचा आहे की जिवाणूंचा, हे कळते. पडदा शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत घरातले जुने थेंब किंवा कोमट तेल कानात घालू नये.

औषधाने बरा झालेला कान पुन्हापुन्हा चिघळत असेल आणि पंजे चाटणे, काखेत लाली हेही दिसत असेल, तर मूळ बहुधा त्वचेच्या ॲलर्जीत असते. अन्नाची शंका असल्यास डॉक्टर सुमारे 8 आठवडे ठरावीक आहारच द्यायला सांगतात. त्या काळात शेंगाचटणी लागलेला भाकरीचा तुकडाही चालत नाही, आणि आपल्या सोलापुरात ही चाचणी बहुधा आजोबांच्या ताटापाशीच मोडते.

डोके एका बाजूला कलले किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवावे. स्थानिक डॉक्टरांनी पुढे पाठवल्यास शिरवळ व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, विशेषतः स्टेरॉईडच्या इंजेक्शनची नोंद, सोबत न्यावी.