टी-लीफची लेई हिलो कशी वळावी

हवाईची लेई म्हटली की आपल्याला चाफ्याचा हार आठवतो. तो सुई-दोऱ्याने ओवायचा असतो, कुणालाही जमतो. मी सांगते आहे ती हिरव्या पानांची, पीळ देऊन वळलेली लेई हिलो. १९२८ पासून १ मे हा तिथे ‘लेई डे’ असतो. त्यासाठी वळायची असेल तर दोन दिवस आधी पानं काढा.

टी-लीफचा चहाशी काही संबंध नाही. आपल्याकडे नर्सरीत लाल-जांभळ्या पानांची कॉर्डिलाइन मिळते, तिचाच हा हिरवा प्रकार. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून बेटांवर आणलेल्या झाडांपैकी हे एक. घराभोवती लावलं की वाईट शक्ती आत येत नाहीत, अशी हवाईयन लोकांची श्रद्धा आहे. म्हणून झाडापाशी आधी परवानगी मागायची आणि पानं काढून झाल्यावर आभार मानायचे. ही रीत गाळू नका. एका झाडाची खालची दोन-तीन पानंच घ्या, मधल्या कोंबाला हात लावू नका. आठ-दहा लांब, न फाटलेली पानं पुरतात.

पानं पुसा, मधली जाड शीर काढून प्रत्येकाच्या दोन उभ्या पट्ट्या करा, पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून कोरड्या करा. इस्त्रीनेही पान मऊ होतं, पण कुठे कमी, कुठे जास्त. फ्रीझरच बरा.

आता खरं काम. ‘दोन पट्ट्या एकमेकींभोवती गुंडाळत जा’ असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. अशी लेई गळ्यात घालताक्षणी उलगडते. इथे पीळ दोन असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने जातात. वाखाची दोरी वळताना पाहिली असेल तर हात लगेच बसेल.

पट्टी पायाच्या अंगठ्यात अडकवा. जुने लोक असंच करतात आणि ताण धरायला याहून सोपी जागा नाही. अडकवताना पट्टीचा बरोबर मध्य घेऊ नका, एक पेड लांब आणि एक आखूड राहू द्या. उजवा पेड उजवीकडे पिळा, मग तसाच ताणून धरून डाव्या पेडावरून डावीकडे टाका. आता दुसरा पेड उजवीकडे आला. तोही उजवीकडेच पिळा आणि डावीकडे टाका. पिळायचं नेहमी उजवीकडे, टाकायचं नेहमी डावीकडे. दोन्ही पीळ सुटायला बघतात आणि एकमेकांना अडवून धरतात, त्यामुळे लेई मध्ये कुठेही गाठ न मारता टिकते.

पीळ पुरेसा झाला का, हे पाहायचं असेल तर पेड जरा सैल सोडा. त्याने स्वतःवरच वेटोळं घातलं तर झाला. नुसताच लोंबला तर अजून पिळा. बहुतेकांची लेई याच ठिकाणी बिघडते, कारण पान फाटेल या भीतीने हात कचरतो. फ्रीझरमधून काढलेलं पान सहसा फाटत नाही. फाटलंच, तर तेवढा भाग उलगडून नवी पट्टी घ्या.

पेड चार बोटं उरला की त्यावर नवी पट्टी ठेवून दोन्ही मिळून पिळा. दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी आले तर लेई तिथेच तुटणार. सुरुवातीला पेड लहान-मोठे ठेवले ते यासाठीच. डिंक, स्टेपलर, तार यांतलं काहीही नको. बाहेर आलेली टोकं शेवटी कात्रीने कापा.

कमरेपर्यंत लांबी झाली की टोकाला गाठ मारा. लेई गरोदर बाईसाठी असेल तर दोन्ही टोकं एकमेकांना न बांधता मोकळीच ठेवा. बंद लेई म्हणजे बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा, असं तिथे मानतात. लेई देणाऱ्यासमोर ती काढून ठेवू नका आणि सुकल्यावर कचऱ्यात टाकू नका. झाडाखाली मातीत परत द्या.

पानं उरली तर त्यांत दगड गुंडाळून जुन्या देवस्थानांपाशी किंवा ज्वालामुखीवर ठेवून येऊ नका. पुष्कळ पर्यटक हवाईयन परंपरा समजून तसं करतात, पण ती परंपरा नाही आणि जागेचंही नुकसान होतं. उरलेल्या पानांत तारोची, म्हणजे अळूची, पानं आणि डुकराचं मांस बांधून लाउलाउ वाफवा.