‘शॅमरॉक बोल’ बघायला जा, आणि हिवाळ्यात क्लबच्या दारात उभे राहा

पीपीएस नंबर (सरकारी कामांना लागणारा ओळख क्रमांक) मिळाला, आयआरपी कार्ड (इथे राहण्याच्या परवानगीचं) हातात आलं, भाड्याची खोली एकदाची सापडली, की आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या माणसाचं बस्तान बसलं असं आपण धरून चालतो. खरं एकटेपण त्यानंतर सुरू होतं. ऑफिसात सगळे गोड बोलतात, शुक्रवारी ‘वीकेंड छान जाऊ दे’ म्हणतात आणि आपापल्या वाटेने जातात. आपला शनिवार-रविवार ओळखीच्या चार मराठी घरांत संपतो. ती घरं हवीतच, अडीनडीला तीच धावून येतात. पण इथे पाच-सात वर्षं काढूनही एका आयरिश घरात चहाला गेलेले नाहीत अशी माणसं मी बघते आणि वाईट वाटतं. म्हणून उन्हाळ्यात जो कोणी नवीन भेटेल त्याला मी एकच सांगते: ऑगस्टमध्ये शॅमरॉक बोल बघायला जा.

शॅमरॉक बोल म्हणजे आयर्लंडच्या हौशी अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना. १९८६ पासून तो खेळला जातोय. लीग अख्ख्या बेटाची आहे, म्हणजे डब्लिन रेबल्स, कॉर्क ॲडमिरल्स, युनिव्हर्सिटी ऑफ लिमरिकचे वायकिंग्ज यांच्याबरोबर उत्तरेकडचे बेलफास्ट ट्रोजन्स, कॅरिकफर्गस नाइट्स, क्रेगाव्हन काउबॉइज हेही त्यातच. सर्वांत जास्त विजेतेपदं रेबल्सची. ट्रोजन्सनी २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं करंडक उत्तरेला नेला, आणि त्याबद्दल डब्लिनची माणसं अजून हळहळतात. खेळाडूंना एक सेंटही मिळत नाही. उलट तेच वर्गणी भरतात, तेच मैदानावर रेषा आखतात, आणि सोमवारी सकाळी सुजलेली बोटं घेऊन कामावर जातात.

हाच खेळ का, असं मला नेहमी विचारतात. इथले मातीतले खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग. ते जरूर बघा, त्याशिवाय आयर्लंड कळत नाही. पण तिथे माणूस आपल्या पॅरिशसाठी, म्हणजे चर्चभोवतालच्या गाव-वस्तीसाठी खेळतो, त्याचा बाप आणि आजा त्याच क्लबात खेळलेले असतात आणि पोराच्या हातात हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, शाळेत जायच्या आधी येते. अठ्ठाविसाव्या वर्षी नाशिकहून आलेल्या मुलाला त्या संघात जागा मिळणं कठीण. क्रिकेटचे क्लब आहेत आणि आपली मुलं तिथे उत्तम खेळतात. पण तिथे भेटतात बरेचसे आपलेच. अमेरिकन फुटबॉलचं तसं नाही. इथल्या बहुतेक खेळाडूंनी हा खेळ विशी-तिशीत शिकलेला आहे. तुम्हाला नियम माहीत नाहीत, चेंडू धरता येत नाही, याचं कुणाला काही वाटत नाही, कारण दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचीही तीच गत होती. शिवाय या खेळाला सगळ्या अंगकाठीची माणसं लागतात. शंभर किलोचा धिप्पाड गडी लागतो, काटकुळा पळणाराही लागतो, आणि नुसती जोरदार लाथ मारू शकणाराही चालतो. काउंटी डाऊनच्या गेलिक संघात गोलकीपर असलेल्या चार्ली स्मिथला तर त्या लाथेवरच २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाने करारबद्ध केलं.

सामना पहिल्यांदा बघताना सारखं थांबत-थांबत काय चाललंय, असं वाटेल. क्रिकेट डोळ्यांपुढे आणा: एक चेंडू टाकून झाला की खेळ थांबतो, क्षेत्ररचना बदलते, कर्णधार विचार करतो, मग पुढचा चेंडू. इथेही तसंच. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊनचे सहा गुण, नुसता खांबांमधून मारला तर तीन. पहिल्या दिवशी एवढं पुरतं. तिसरा प्रयत्न संपला आणि दोन-तीन यार्ड कमी पडताहेत, अशा वेळी प्रेक्षक का उठून उभे राहतात ते आपोआप कळायला लागेल.

मैदान दर वर्षी तेच असेल असं नाही. डब्लिनच्या टॅला स्टेडियममध्ये हा सामना झालेला आहे. तिथे लुआस या ट्रामच्या लाल मार्गाने टॅला थांब्यावर उतरून चालत जाता येतं. पुष्कळदा तो रग्बीच्या मैदानावर होतो, आणि ते सोयीचंही पडतं. रग्बीच्या दोन खांबांमधलं अंतर ५.६ मीटर आणि आडवी दांडी ३ मीटर उंचीवर. अमेरिकन फुटबॉलची मापं यापेक्षा फार तर चार-पाच सेंटिमीटरने वेगळी. त्यामुळे खांब तेच राहतात, रेषा तेवढ्या नव्या आखायच्या. छत्री नेऊ नका. वारा ती उलटी करतो आणि मागच्याला काही दिसत नाही. टोपीचं रेनजॅकेट, आत एक स्वेटर, आणि ऊन पडलं तर लावायला सनस्क्रीन, कारण एकाच दुपारी तिन्हींची गरज पडते. सामना अडीच-तीन तास चालतो, तेव्हा डब्यात पोळीभाजी असू द्या. खायला बहुधा बर्गर आणि चिप्सच मिळतात. आई-बाबा आले असतील तर त्यांनाही न्या. खेळाडूंचे आई-वडील, मुलं, कुत्री सगळी आलेली असतात, आणि शेजारचा माणूस न विचारता नियम समजावून सांगतो. त्याला सांगू द्या. ओळख तिथूनच होते.

एक गोंधळ टाळा. ऑगस्टच्या अखेरीस अविवा स्टेडियममध्ये अमेरिकन कॉलेजांचा मोठा सामना होतो. २०२३ ला नोटर डेम आणि नेव्ही खेळले, २०२४ ला जॉर्जिया टेक आणि फ्लोरिडा स्टेट. २८ सप्टेंबर २०२५ ला तर क्रोक पार्कवर पिट्सबर्ग स्टीलर्स आणि मिनेसोटा वायकिंग्ज हे एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ उतरले. आयर्लंडमधला तो एनएफएलचा पहिलाच नियमित मोसमातला सामना. ते सोहळे मोठे, तिकिटं महाग, आणि प्रेक्षकांत अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांची गर्दी. पण तिथे कोणी तुमचं नाव विचारणार नाही. शॅमरॉक बोलला सामना संपल्यावर तुम्ही थेट एखाद्या खेळाडूपाशी जाऊन ‘मला यायचंय’ म्हणू शकता, आणि तो तिथल्या तिथे कोचशी गाठ घालून देतो.

आता खेळायचंच ठरवलंत तर. मोसम साधारण वसंतात सुरू होतो, नवशिक्यांची भरती शरद-हिवाळ्यात. हेल्मेट आणि खांद्यांचे पॅड सुरुवातीला बरेच क्लब वापरायला देतात, लगेच नवे विकत घेऊ नका. बूट आणि दातांचा गार्ड मात्र स्वतःचा. वर्गणीत अपघात विमा आहे का, किती रकमेचा, हे सही करण्याआधी विचारा. इथे असं विचारणं कुणाला उद्धटपणाचं वाटत नाही. त्याहून आधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. पुष्कळ दवाखाने नवीन पेशंट घेत नाहीत, आणि जीपीची चिठ्ठी नसताना इमर्जन्सीला गेलात तर शंभर युरो भरावे लागतात. नोकरीला तेरा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय कायद्याने मिळणारी आजारपणाची पगारी रजा नाही, आणि त्यानंतरही ती वर्षाला पाचच दिवस. तेव्हा नोकरी नवी असेल तर पहिला मोसम हलक्या सरावावर काढा. डोक्याला मार बसला, गरगरलं, तर त्या दिवशी मैदानात परत जायचं नाही. संघाचं काय होईल याचा विचार करू नका, मुकाट बाहेर या आणि सोबतच्यांना सांगा.

आणि ही गोष्ट मी हात धरून सांगते, कारण क्लबमधला कोणी ती सांगणार नाही. त्यांना कधी गरजच पडलेली नसते. लीग अख्ख्या बेटाची, पण बेलफास्ट, क्रेगाव्हन, कॅरिकफर्गस युनायटेड किंग्डममध्ये येतात. सीमेवर ना चौकी ना फाटक; मैलांचे फलक दिसायला लागले की आपण पलीकडे आलो. बस थांबत नाही म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागत नाही असं नाही. आयआरपी कार्डावर तिकडे जाता येत नाही. वाटेत तपासणी झाली आणि व्हिसा नसला, तर त्याचे परिणाम पुढच्या प्रत्येक अर्जावर होतात, इथल्या नागरिकत्वाच्या अर्जावरसुद्धा. क्लबात नाव घातलंत की मोसम सुरू व्हायच्या आत यूकेचा व्हिजिटर व्हिसा काढा, लांब मुदतीचा परवडला तर उत्तमच. तोवर कोचला स्पष्ट सांगा की उत्तरेकडच्या सामन्यांना मी येऊ शकत नाही. आयरिश माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटतं, मग तो आपल्या बाजूने चिडतो, आणि तुमचं नाव गुपचूप घरच्या सामन्यांच्या यादीत टाकतो.

खेळायचं नसेल तरी काम आहे. मी स्वतः साखळीवर उभी राहते. दोन काठ्या, मध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी, आणि तिसऱ्याच्या हातात एक ते चार आकडे दाखवणारा खांब. साखळीला एक चिमटा असतो. तो जवळच्या पाच यार्डांच्या रेषेवर धरून लावायचा. पंचांनी मोजायला बोलावलं की तिघं धावत मैदानात, चिमटा पुन्हा त्याच रेषेवर, साखळी ताणायची, आणि चेंडूचं टोक काठीच्या अलीकडे की पलीकडे ते सगळे श्वास रोखून बघतात. याहून जवळून सामना कुठूनच दिसत नाही. क्लबांना या कामाला माणसं नेहमीच कमी पडतात. नवीन माणूस ‘मी साखळी धरतो’ म्हणाला तर त्याला नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही.

बायकांनी आणि ज्यांना धक्काबुक्की नको त्यांनी फ्लॅग फुटबॉल बघावं. त्यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढली की प्रयत्न संपला. इथे त्याचीही लीग आहे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे, आणि क्रिकेटसोबत त्याला घेण्याचा निर्णय झाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या आपल्या मुंबईतल्या अधिवेशनात.

तेव्हा जुलैपासून अमेरिकन फुटबॉल आयर्लंड या संघटनेच्या घोषणांवर लक्ष ठेवा, तारीख आणि मैदान तिथे कळतं. रविवारी बस-लुआस कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. गावात क्लब कुठला ते सामन्यातच विचारा, कारण तिथे सगळ्याच क्लबांची माणसं आलेली असतात, हरलेल्यांचीही.