औषधाची माहिती नेटवर बघताना या चुका टाळा

इंदूरच्या दवा बाजारातून गोळ्या आणायच्या, घरी आल्यावर स्ट्रिपवरचं नाव मोबाइलमध्ये टाकायचं आणि पहिलं उघडेल ते पान प्रमाण मानायचं, ही आपल्याकडे आता रीतच झाली आहे. त्यात अमेरिकेतला भाचा वेगळी लिंक पाठवतो आणि घरात वाद सुरू. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही पानं खरीच असतात. फक्त ती दुसऱ्या गोळीबद्दल, दुसऱ्या देशासाठी किंवा दुसऱ्या काळात लिहिलेली असतात.

सगळ्यात घातक घोटाळा मिलिग्रॅमचा. मलेरियावरची क्लोरोक्विन बघा. आपल्याकडची नेहमीची गोळी २५० मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेटची. त्यात मूळ औषध, म्हणजे 'बेस', १५० मिलिग्रॅमच असतं. एक पान डोस बेसमध्ये देतं, दुसरं फॉस्फेटमध्ये. बेसचे ६०० आणि फॉस्फेटचे १००० मिलिग्रॅम म्हणजे एकच डोस, चार गोळ्या. पण ६०० वाचून २५० ने भागलं तर अडीचच गोळ्या पोटात जातील. उलट, १००० हा आकडा बेसचा समजलात तर जवळजवळ सात! क्लोरोक्विन जास्त झाली की थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं, तेव्हा हा हिशेब घरी करूच नये.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या जोड-अँटिबायोटिकच्या गोळीतही बेरीज फसवते. ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५, आणि ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. म्हणून ६२५ मिळाली नाही की ३७५ च्या दोन घेतल्या, असं चालत नाही. क्लॅव्हुलॅनिक दुप्पट होतं आणि जुलाब लागतात.

देश आणि साल न बघणं ही पुढची चूक. अमेरिकेच्या अधिकृत माहितीपत्रकात सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक टायफॉइडसाठी दिलेलं आहे, पण भारतातले टायफॉइडचे जंतू त्याला बहुतेक वेळा दाद देत नाहीत. टीबीचंही तसंच. सरकारी कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीनदा गोळ्या देत. २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याआधी लिहिलेल्या पानावर अर्थातच तीनदाचं वेळापत्रक मिळेल.

कधी तर नावाजलेली ठिकाणंही एकमेकांशी जुळत नाहीत. लघवीच्या संसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटॉइनसाठी मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (मिनिटाला मिलिलिटरमध्ये) किमान किती हवी? अमेरिकन माहितीपत्रक ६० म्हणतं, ब्रिटनची औषध नियामक संस्था ४५, तर अमेरिकेतलीच वृद्धांनी टाळायच्या औषधांची यादी ३०. सत्तरीच्या आजींसाठी यातला कोणता धरायचा, हे त्यांचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दोन औषधं एकत्र चालतात का, हे तपासताना लोक फक्त पर्चीवरची नावं भरतात. ॲसिडिटीची पातळ औषधं, कॅल्शियम, लोह राहून जातं, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रो या अँटिबायोटिकला नेमकं तेच अडवतं. 'जेवणाबरोबर चालते' वाचून इंदूरच्या सराफा बाजारातल्या गरम दुधाबरोबर सिप्रो घेणारेही आहेत. जेवणातलं दही चालतं, नुसतं दूध चालत नाही.

परदेशी पानांवर आपले ब्रँड सहसा नसतात, तेव्हा शोधताना स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव टाका. तरी जुळलं नाही तर तीच स्ट्रिप घेऊन केमिस्टकडे जा. औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टर. मग त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर करता येते.